सतरा हजार की पावणेसात हजार?

प्रश्न : ताई, मी चिपळूणला माध्यमिक शाळेत शिकवते. नोव्हेंबर २०२१ मध्ये घेतलेल्या आमच्या पेट्रोल स्विफ्टला (११९७ सीसी) या नोव्हेंबरला चार वर्षं पूर्ण होतील. आजवर एकही क्लेम घेतलेला नाही. शोरूममधून नूतनीकरणाचं कोटेशन आलंय १७,८०७ रुपयांचं. मुलाने मोबाइलवर बघितलं तर दुसऱ्या एका कंपनीचं ६,७४५ रुपयांत मिळतंय. दोन्हींचे तपशील पत्रासोबत पाठवतेय. एवढा फरक कसा पडतो? स्वस्तातली घेतली तर ऐन वेळी फसगत तर होणार नाही ना? गाडी मी शाळेत नेत नाही, शनिवार-रविवारीच बाहेर काढतो.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुम्ही दोन्ही कोटेशनं तपशिलासकट पाठवलीत, हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत फक्त शेवटचा आकडा असतो आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. मी बरीच वर्षं सर्व्हेअरचं, म्हणजे क्लेम आल्यावर नुकसान तपासण्याचं, काम केलं, तेही जास्त करून कोकण आणि कोल्हापूर पट्ट्यात. त्यामुळे पॉलिसी घेताना सुटलेली एक ओळ क्लेमच्या वेळी माणसाला कशी नडते, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दोन्ही कागदांवरची थर्ड पार्टीची, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्याची, ओळ शोधा. दोन्हीकडे ३,४१६ रुपयेच आहेत. मोटार वाहन कायद्याने सक्तीचा असलेला विमा तो हाच. त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला १ जून २०२२ पासून हाच दर आहे. १८ टक्के जीएसटी धरला की ४,०३१ रुपये होतात, आणि एवढे तुम्ही कुठेही गेलात तरी लागणारच. म्हणजे ६,७४५ मधले हे वजा केले तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या संरक्षणासाठी उरतात जेमतेम २,७०० रुपये. तुलना करायची ती या उरलेल्या भागाची. त्याला कागदावर ‘ओन डॅमेज’ किंवा नुसतं ‘ओडी’ म्हटलेलं असतं. हे दर २००७ पासून खुले झाले आणि कंपन्यांची खरी स्पर्धा इथेच चालते.

आता तुमचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बघू.

शोरूमच्या कोटेशनमध्ये आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यापुरती ठरवलेली किंमत, ४,१०,००० आहे. ऑनलाइनवाल्यात ती ३,०५,००० आहे. शोरूमवाल्यांनी सात जादा कव्हरं घातलीत आणि त्यांचेच ५,४०० रुपये लावलेत. ऑनलाइनमध्ये एकही नाही. शिवाय ऑनलाइनमध्ये ५,००० रुपयांची ‘स्वेच्छा कपात’ टिक केलेली दिसते. मुलाने सूट मिळते म्हणून केली असणार. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा एकीकडे आहे, दुसरीकडे काढून टाकलाय. म्हणजे ही एकाच वस्तूची दोन दुकानांतली किंमत नव्हेच, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एनसीबी (नो क्लेम बोनस), म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल ओडीवर मिळणारी सूट, मात्र दोघांनीही ४५ टक्के धरलाय, तो बरोबर आहे.

सगळ्यात आधी आयडीव्हीकडे लक्ष द्या. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा वर गेला आणि कंपनीने ती ‘टोटल लॉस’ धरली, तर तुमच्या हाती येणारी रक्कम या आकड्यावरून ठरते. टॅरिफच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या जुन्या दरपत्रकाच्या, तक्त्यात चार वर्षांच्या पुढच्या गाडीला ५० टक्के घसारा आहे, पण कंपन्या त्याच्या आसपास वर-खाली करायला मुभा देतात. ऑनलाइन स्क्रीनवर बऱ्याचदा सगळ्यात खालचा आकडा आधीच भरलेला असतो, म्हणजे हप्ता कमी दिसतो. तुमच्या गावातल्या जुन्या गाड्यांच्या एक-दोन व्यापाऱ्यांना विचारा, तुमच्या मॉडेलची, २०२१ ची, तेवढीच चाललेली स्विफ्ट कितीला जाते. समजा ते ३,८०,००० म्हणाले. मग ३,०५,००० च्या पॉलिसीत तुम्ही ७५,००० रुपये उघड्यावर टाकताय. ते झाकायला त्याच ऑनलाइन कंपनीच्या दराने वर्षाला किती जास्त लागतील? मी हिशेब केला : जीएसटीसकट ६७० रुपयांच्या आत. एवढ्यासाठी आयडीव्ही खाली आणू नका. उलट ४,१०,००० चीही गरज नाही. बंपर, दरवाजा, काच अशा नेहमीच्या दुरुस्तीच्या क्लेमवर आयडीव्हीचा काही परिणाम होत नाही.

आता जादा कव्हरं. तुम्ही चिपळूणच्या आहात म्हणून इथे मी थोडी थांबते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, ते मी तुम्हाला सांगायला नको. त्यानंतरच्या आठवड्यांत गाड्या तपासताना आम्ही एक गोष्ट हमखास बघायचो. बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण काढायचं. आतला कागदी फिल्टर चिखलाने माखलेला असेल तर पाणी इंजिनच्या वाटेने आत गेलंय. मग डिपस्टिक बाहेर काढायची : ऑइल दुधाळ दिसलं की ते पक्कं. इथवरचं नुकसान, म्हणजे गाडी धुणं, सीट काढून वाळवणं, वायरिंग, कार्पेट, हे साध्या ओडी पॉलिसीत बसतं. पण पाणी ओसरल्यावर ‘चालू होतेय का बघू’ म्हणून कुणी चावी मारली असेल, तर सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीच्या दृष्टीने हे पुराचं नुकसान राहत नाही, नंतरच्या कृतीमुळे झालेलं नुकसान होतं. साध्या पॉलिसीत ते नाकारलं जातं. इंजिनचं बिल सगळ्यात मोठं, आणि नेमकं तेच मालकाच्या अंगावर पडतं. एका घरात आजोबांनी पेन्शनमधून गाडी घेतलेली, नातवाने काळजीपोटीच चावी फिरवली. तो नकार मला लेखी कळवावा लागला होता, आणि त्या पॉलिसीला इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनच्या अशा नुकसानीचं जादा कव्हर, जोडलेलं नव्हतं.

म्हणून चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूरच्या सखल भागात राहणाऱ्यांनी इंजिन प्रोटेक्ट काढून पैसे वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या अटी मात्र वाचा. कव्हर असलं तरी पाण्यात बुडालेली गाडी सुरू करायची नाही, टो करूनच गॅरेजला न्यायची.

दुसरं ठेवण्यासारखं कव्हर झीरो डेपचं, म्हणजे सुट्या भागांच्या किमतीतून घसारा न कापण्याचं. प्लास्टिक आणि रबरच्या भागांवर कंपनी सरसकट ५० टक्के घसारा कापते. ६,००० चा बंपर बदलला तर साध्या पॉलिसीत ३,०००, त्यातून सक्तीची कपात (प्रत्येक क्लेममधला तुमचा ठरलेला वाटा) १,०००, म्हणजे हाती २,०००. झीरो डेप असेल तर ५,०००. पाच वर्षं उलटली की बऱ्याच कंपन्या हे कव्हर देत नाहीत, किंवा बरंच महाग देतात, तेव्हा या वर्षी घेऊन ठेवा. कन्झ्युमेबल्स, म्हणजे ऑइल, कूलंट, नट-बोल्ट यांचं कव्हर स्वस्त असेल तर घ्या. चावी हरवणं, टायर, गाडीतलं सामान : ही तिन्ही काढून टाकायला सांगा. रोडसाइड असिस्टन्स तुम्ही गाडीच्या कंपनीकडून आधीच घेतलंय का, ते बघा.

स्वेच्छा कपातीबद्दल : प्रत्येक क्लेमला पहिले ५,००० मी भरेन, असं तुम्ही लिहून देता, आणि ते सक्तीच्या १,००० च्या वर असतात. टॅरिफमध्ये यासाठीची सूट जास्तीत जास्त १,५०० ठेवलेली होती. ऑनलाइनमधली तुमची ओडीच आता जीएसटी सोडून २,३०० वर आलीय, म्हणजे वाचतात काहीशे रुपये. मी तो टिक काढला असता.

मालक-चालकाचा अपघात विमा मात्र विचार न करता काढू नका. तुमच्या नावावरच्या स्कूटरच्या पॉलिसीत तो असेल, किंवा १५ लाखांचा वेगळा अपघात विमा असेल, तर दुसऱ्यांदा लागत नाही. नसेल तर तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि तो कायद्यानेच हवा.

आता प्रत्यक्ष काय करायचं? एका कागदावर लिहा : आयडीव्ही ३,८०,०००, झीरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, स्वेच्छा कपात शून्य, एनसीबी ४५ टक्के. हाच कागद तीन ठिकाणी दाखवा : एक ऑनलाइन, एक सरकारी कंपनीचा एजंट (न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया यांपैकी कुणीही चालेल), आणि तिसरं तुमचं शोरूम. शोरूमला ऑनलाइनचा आकडा मोबाइलवर दाखवा. ते खाली येतात, मी अनेकदा पाहिलंय. पॉलिसी शोरूमकडूनच घ्यायला हवी असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, तशी सक्ती करता येत नाही. माझ्या अंदाजाने तुमचं काम साडेदहा ते बारा हजारांत व्हायला हवं.

तुमचं गाडी वापरणं कमी आहे. २०२२ मध्ये विमा नियामकाने किलोमीटरवर आधारलेल्या कव्हरांना परवानगी दिली. वर्षाला पाच-सात हजार किलोमीटरच्या आत राहणार असाल तर त्याचंही एक कोटेशन मागवा. फक्त गणपतीला आणि मे महिन्यात पाहुण्यांना घेऊन किती फेऱ्या होतात, ते धरून आकडा सांगा. मर्यादा संपली तर वेळेत टॉप-अप करावा लागतो.

पैसे भरायच्या आधी शेवटचा एक फोन कराच. त्या कंपनीचं कॅशलेस गॅरेज चिपळुणात कोणतं? कंपनीला विचारा आणि त्या गॅरेजलाही विचारा. यादीत नाव असतं पण करार संपलेला असतो, असं लहान गावांत होतं. जवळचं गॅरेज रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला निघालं तर हजार रुपयांची बचत एका टोइंगमध्ये जाते.

आणि किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम करू नका. समजा एनसीबी धरण्याआधीची ओडी ८,००० आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर पोचलात. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी सूट शून्य, मग २०, २५, ३५, ४५ अशी पुन्हा चढत जाते. सुटलेल्या सवलती मांडल्या तर ४,०००, २,४००, २,०००, १,२०० आणि ४००. एकूण १०,०००. ओडी दरवर्षी थोडी उतरते, म्हणून प्रत्यक्षात याहून कमी, पण तीन-चार हजारांच्या रंगकामासाठी क्लेम परवडत नाही, हे नक्की.

प्रश्न : जुनी गाडी विकून नवी घेतोय. जुन्या पॉलिसीवर ५० टक्के एनसीबी होता. ‘तो गाडीबरोबर गेला,’ असं विक्रेता म्हणतो. खरं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या विमा कंपनीकडे गाडी विकल्याचे कागद देऊन एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र मागा. ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीची ओडी समजा २४,००० असेल तर या एका पत्राने १२,००० वाचतात, आणि ते नव्या गाडीची पॉलिसी निघायच्या आधी हातात हवं. जुनी गाडी घेणाऱ्यालाही सांगा की त्याने १४ दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. तुमचा एनसीबी त्याला मिळणार नाही, तेवढा फरक त्याला भरावा लागेल.

जाता जाता : चोरीविरोधी यंत्रासाठी ओडीवर अडीच टक्के सूट असते, पण कमाल ५०० रुपये, आणि यंत्र तुमच्याच पुण्यातल्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेलं हवं. बाजारातून बसवलेल्या कुठल्याही जीपीएसला ती मिळत नाही. मोटार संघटनेच्या सदस्यत्वाची सूट तर २०० रुपयांवर थांबते. तेवढ्यासाठी सदस्य होऊ नका.

प्रश्न : पॉलिसी संपून दहा दिवस झाले. मध्ये एक क्लेमही झाला होता. एजंट म्हणतो, ‘क्लेम नाही’ असं लिहू, एनसीबी वाचेल. काय करू?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : तसं अजिबात लिहू देऊ नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते, आणि ही खोटी नोंद बहुधा तुमचा पुढचा मोठा क्लेम आल्यावरच बाहेर येते. तेव्हा ओडीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. सही तुमची असते, एजंटची नाही.

दहा दिवसांचा खंड मात्र सावरता येतो. ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केलं तर एनसीबीचा हक्क जात नाही. तुमचा क्लेम झाल्याने या वर्षी तो शून्यच असेल, पण पुढच्या वर्षीची मोजणी तरी वेळेत सुरू होईल. गाडीची तपासणी होईल, हल्ली मोबाइलवर व्हिडिओ काढूनही चालते. तोवर गाडी रस्त्यावर आणू नका. विम्याशिवाय पहिल्यांदा सापडलात तर दंड २,००० रुपये आहे, आणि कुणाला धडक बसली तर त्या माणसाची भरपाई तुमच्या खिशातून जाईल. आजच तपासणीची वेळ घ्या.