दानाची रक्कम घरच्या कपाटात

(पत्र थोडक्यात: लिहिणारे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, खजिनदार आहेत. कापणीच्या सणाचा लिलाव आणि इमारत निधी मिळून 1,40,000 रुपयांची रोकड त्यांच्या घरच्या कपाटात आहे. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला 60,000 हवेत आणि सोसायटीचं कर्ज महिन्याभरानं मिळणार आहे. "तोवर यातले वापरून परत ठेवले तर कुणाला कळणारही नाही. रोज गुडघे टेकतो, तरी विचार जात नाही. माझा विश्वासच खोटा आहे का? आणि ताई, दावीदानं भूक लागल्यावर समर्पित भाकरी खाल्ल्याच ना?")

भाऊ, सलाम.

विश्वासाचं आधी बोलू. विचार मनात आला म्हणून तुम्ही चोर ठरत नाही. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात येशूबद्दल म्हटलंय की तो सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. पारखलं जाणं हेच पाप असतं, तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं. अरण्यात येशूच्या 40 दिवसांच्या उपासानंतर सैतानानं सुरुवात कशानं केली? भाकरीनं. भाकरीत वाईट काय आहे? लेकीच्या फीमध्ये तरी काय वाईट आहे? मोह रास्त गरजेचा हात धरून घरात येतो आणि म्हणूनच तो ओळखू येत नाही. दारूच्या गुत्त्यावर कुणी बोलावलं असतं, तर तुम्ही त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

आता जरा कडू बोलते. वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते, असं याकोबानं आपल्या पत्रात लिहिलंय. म्हणजे मधे दिवस जातात. तुमच्या पत्रात मला ते दिवस दिसले. पहिल्या पानावर 'विचार येतो' एवढंच आहे. तिसऱ्या पानावर, पाचशेच्या नोटा मधून काढल्या तर बंडल बाहेरून तेवढंच दिसतं, हेही तुम्ही लिहून गेलात. हे कळायला बंडल हातात घेऊन बघावं लागतं. बेत सुरू झालाय, भाऊ.

आणि दावीद. शास्त्राचं वचन कुणालाही काढता येतं. मंदिराच्या शिरोभागावर उभं राहून सैतानानंही स्तोत्रच म्हणून दाखवलं होतं. पण तुम्ही विषय काढलाच आहे, तर शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला 21वा अध्याय पुन्हा वाचा. त्या भाकरी देवाला वाहिलेल्या, फक्त याजकांनी खायच्या. पण दावीदानं त्या उचलून नेल्या नव्हत्या. त्यानं अहीमलेख याजकाकडे उघडपणे मागितल्या आणि याजकानं विचार करून दिल्या. येशूनं दावीदाचा दाखला दिला तो भुकेल्याची बाजू घेण्यासाठी, कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी नव्हे. दावीदाचं चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी. तो शौल राजापासून पळत होता, पण राजाच्या कामावर आलोय, असं याजकाशी खोटं बोलला. लगेच पुढचा अध्याय वाचा. दावीदाला मदत केली म्हणून शौलाच्या हुकमावरून त्याचा सेवक दवेग यानं 85 याजक कापले आणि याजकांचं नोब गाव उद्ध्वस्त केलं. लपवाछपवीची किंमत लपवणाऱ्यालाच मोजावी लागते, असं काही नसतं.

रोजच्या प्रार्थनेनं विचार का जात नाही, असं विचारलंत. कसा जाईल? तुम्ही ज्या खोलीत गुडघे टेकता, त्याच खोलीत ते कपाट आहे. मालकाच्या, म्हणजे पोटीफराच्या, बायकोनं वाईट हेतूनं वस्त्र धरल्यावर योसेफ तिच्याशी वाद घालत बसला नाही, अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. तुम्हाला पळता येत नसेल, तर पैशाला घराबाहेर काढा.

मला खरं सांगायचंय ते प्रेषित पौलाबद्दल. यरुशलेमेतल्या गरजू पवित्र जनांसाठी त्यानं मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली, तेव्हा ती एकट्यानं नेली नाही. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा 8वा अध्याय काढा. त्याचा सहकारी तीत, त्याच्याबरोबर आणखी एक बंधू, तोही मंडळ्यांनी निवडलेला. कारण काय देतो? या मोठ्या रकमेच्या बाबतीत आमच्यावर कुणी दोष ठेवू नये म्हणून, आणि प्रभूच्याच नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगलं ते व्हावं म्हणून. एवढा मोठा प्रेषित पैशापाशी एकटा थांबायला तयार नव्हता. आपल्याकडे मात्र एखादा माणूस विश्वासू आहे म्हटलं, की सगळी रोकड त्याच्या गळ्यात, आणि वर्षाच्या सभेपर्यंत हिशेब विचारणं म्हणजे त्याचा अपमान! यात पंचकमिटीचीही चूक आहे, आणि तुम्ही त्यांना हे बिनदिक्कत सांगा.

हे पत्र वाचून झाल्यावर मंडळीच्या पाळकसाहेबांना (पास्टरना) फोन करा. 'घरी ठेवायला भीती वाटते' असं मोघम सांगू नका, चोरांच्या नावावर खपून जाईल. 'मुलीच्या फीसाठी यातले उचलायचा मोह होतोय' हेच शब्द वापरा. याकोबानंच सांगितलंय, आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा. पाप व्हायच्या आधी कबुली द्यायला तर काहीच हरकत नाही. बँक उघडली की दोन पंचांना बरोबर घेऊन रक्कम मंडळीच्या खात्यात भरा. मोजणी त्यांच्यासमोर होऊ दे. इथून पुढे दानार्पण उपासनेनंतर तिथंच दोघांनी मोजायचं, वहीत दोघांच्या सह्या, आणि बँकेतून काढतानाही दोन सह्या.

फीचं काय? कमिटीकडे उघड अर्ज करा: उसने द्या, सोसायटीचं कर्ज आलं की फेडतो. कमिटी नाही म्हणाली, तर कॉलेजला हप्ते मागा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जात ख्रिस्ती विद्यार्थीही बसतात. त्याला वेळ लागतो, तेव्हा ते पुढच्या वर्षाच्या फीसाठी धरून चाला.

खजिनदारपद जाईल, अशी धास्ती तुम्ही शेवटी घातली आहे. जाऊ दे गेलं तर. मला वाटतं, बहुतेक जाणार नाही. पाळकांच्या कानावर याहून बरंच काही आलेलं असतं.

एक मात्र तुमच्या पत्रात राहिलंय, प्रवेशाची शेवटची तारीख. पाळकसाहेबांना ती फोनवर आठवणीनं सांगा, कमिटी बोलवायला त्यांनाही दिवस लागतील.

तुमची,
ताई