घर गळतंय आणि ही सगळी हसतायत कशाला?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: हौसेने व्यंगचित्रं काढणाऱ्याला विनोद सुचतो कुठून, आणि माझे आवडते व्यंगचित्रकार कोण. शेवटी एक ओळ जोडली आहे, ‘चित्र बरं जमतं, पण बघून कुणी हसत नाही.’ खरं दुखणं हे दिसतंय, म्हणून तिथूनच सुरू करतो.

माझं वेंगुर्ल्याच्या बाजूला हार्डवेअरचं दुकान आहे. सिमेंट, खिळे, पाइप, रंग, आणि मे महिना लागला की ताडपत्र्या. गल्ल्यावर बसून पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या बाजूवर चित्रं काढायची सवय पंचवीसेक वर्षांची. छापून आलेली मोजून चार. तेव्हा माझं किती ऐकायचं ते तुम्हीच ठरवा.

काही वर्षांपूर्वी एक चित्र काढलं होतं. जुलैचा पाऊस, कौलारू घर, दहा ठिकाणी गळती. माजघरभर टोप, कळशी, तांब्या, घमेलं, बालदी मांडलेली. सून एका हाताने डोक्यावर छत्री धरून दुसऱ्या हाताने भाकरी उलटतेय. आजोबा खुर्चीत पेपर वाचतायत आणि पेपरात मोठी बातमी, ‘पावसाने दडी मारली’. घरातली सगळी माणसं मी दात काढून हसताना दाखवली होती. सून, आजोबा, पोरं, कोपऱ्यातलं मांजरसुद्धा. विनोदी चित्र आहे हे लोकांना कळायला नको?

आमच्याकडे शाकारणीचं काम करणारे एक काका खिळे न्यायला येतात. दरवर्षी पावसाच्या तोंडावर गावातली निम्मी छपरं तेच उतरवतात आणि चढवतात. त्यांनी काउंटरवरचा कागद उचलला, चष्मा कपाळावर ढकलला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “घर गळता हा, आनि ही सगळी हसतत कित्याक?”

मी म्हटलं, गंमत आहे काका. त्यांनी कागद खाली ठेवला आणि खिळ्यांचा भाव विचारला.

रात्री दुकान बंद केल्यावर कळलं की चित्राची सगळी वाट तिथेच लागली होती. हसायचं काम बघणाऱ्याचं. ते चित्रातल्यांनीच उरकून घेतलं तर बघणाऱ्याला काय उरलं? माणसं जेवढी गंभीर, जेवढी आपल्या कामात, तेवढं चित्र मजेशीर. सुनेला छत्री धरून भाकरी भाजण्यात काही वावगं वाटता कामा नये. आपला चेहरा आरशात कसा दिसेल तसा तिचा, रोजचा.

मग आवडत्या लोकांची चित्रं पुन्हा काढून बघितली, तर प्रत्येकाकडे हेच.

पहिलं नाव शि. द. फडणीस. १९२५ सालचा जन्म, सीमाभागातल्या भोज गावचे. माझ्या पिढीची त्यांच्याशी ओळख झाली ती गणिताच्या पाठ्यपुस्तकातून. गणित आलं नाही, पण त्यातली चित्रं अजून आठवतात. त्यांचं ते ‘मोहिनी’ मासिकाचं मुखपृष्ठ तुम्ही पाहिलं असेल, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीचं: एका तरुणाच्या शर्टावर मांजरं छापलेली, शेजारच्या तरुणीच्या साडीवर उंदीर. एक शब्द नाही. आता यात ती दोघं काय करतायत बघा. काहीच नाही. नुसती उभी आहेत. जी काही भानगड चाललीय ती कापडावर, आणि ती फक्त आपल्याला दिसतेय. फडणिसांनी आयुष्यभर बहुतेक चित्रं अशी बिनशब्दांची काढली, आणि त्यांतली माणसं कमालीची सज्जन, व्यवस्थित आणि कर्तव्यदक्ष असतात. मूर्खपणासुद्धा ती नेटकेपणाने करतात. मी त्यांची चित्रं ट्रेसिंगवर गिरवली आहेत, लाज कसली. गिरवताना एक कळलं, चेहऱ्यावर तो माणूस जवळजवळ काहीच काढत नाही. सगळं खांद्यांत आणि मानेच्या बाकात असतं.

दुसरे वसंत सरवटे (१९२७–२०१६). ते सिमेंटच्या कंपनीत इंजिनिअर होते आणि मी सिमेंट विकतो. साम्य तिथेच संपतं. ‘ललित’ मासिकात ठणठणपाळ या नावाने जयवंत दळवी साहित्यिकांची फिरकी घ्यायचे, आणि त्या ठणठणपाळाला रूप दिलं सरवट्यांनी. दळवी आमच्या आरवलीचे, त्यामुळे हे सांगताना माझी कॉलर थोडी ताठ होते. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा. बाहेरून आलेल्या पाहुण्याला हे सांगताना गावातला माणूस इतक्या साध्या आवाजात सांगतो, जणू एस.टी.चं टाइमटेबल. मला वाटतं दळवींच्या विनोदाचं मूळ त्या आवाजात आहे. न हसता सांगायचं. आमच्याकडे ज्याला तिरकस म्हणतात तो माणूस कधीच स्वतःच्या बोलण्यावर हसत नाही.

आमच्या दुकानाबाहेरच्या बाकड्यावरचंच उदाहरण घ्या. गिऱ्हाईकाने विचारलं, “ही ताडपत्री किती वर्सां टिकतली?” मी तोंड उघडायच्या आत बाकड्यावरून उत्तर आलं, “तुझ्यापरास जास्त.” बोलणाऱ्याने विडीवरची नजरसुद्धा हलवली नाही. गिऱ्हाईकही रागावलं नाही, मान डोलावून दोन घेऊन गेलं. विनोद कुठून सुचतो म्हणून विचारलंत ना, मला बराचसा या बाकड्यावरून उधारीवर मिळतो.

आर. के. लक्ष्मण तर सगळ्यांनाच आवडतात, त्यामुळे थोडक्यात. चौकड्यांचा कोट, धोतर, आणि तोंडातून चकार शब्द नाही. तो कॉमन मॅन म्हणजे बाकड्यावरचाच माणूस, फक्त विडी नसलेला. सुरुवातीला लक्ष्मण निरनिराळ्या प्रांतांची माणसं गर्दीने काढायचे, रोजच्या घाईत ती एकेक करून गळत गेली आणि हा एकटा उरला, असं तेच सांगत. शिवाय जे. जे. स्कूल ऑफ आर्टने त्यांना प्रवेश नाकारला होता. दिवाळी अंकाकडून पाकीट साभार परत आलं की मी ही गोष्ट आठवतो आणि मग पुन्हा आपलं चित्र बघतो. मग आठवायला नको होतं असं वाटतं. आणि त्यांचे कावळे! आमच्याकडे माडावर, कौलावर, मासळीच्या टोपलीभोवती कावळेच कावळे, पण लक्ष्मणांसारखा बेरकी कावळा मला अजून जमलेला नाही. माझा कबुतरासारखा सभ्य होतो.

आता मारिओ मिरांडा. इथे मी जरा रेंगाळणार आहे. आरोंद्याचा पूल ओलांडला की आमच्यासाठी गोवा सुरू, त्यामुळे मारिओ आम्हाला शेजारचे वाटतात. जन्म दमणचा, १९२६ सालचा, घर लोटलीला. लहानपणी घराच्या भिंती रंगवायचे म्हणून आईने कोरी वही हातात दिली, आणि पुढे त्यांनी चित्रांच्या रोजनिशाच भरल्या. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर त्यांची चित्रं आहेत. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मागवलेला चहा गार झाला. मारिओंच्या चित्रात पन्नास माणसं असतात, नवरा-नवरी, पाद्री, वाजंत्री, जाडी भाटकारीण (म्हणजे जमीनदारीण), दारूडा. पण तुम्ही कडेला बघा. कडेला एक कुत्रा असतो आणि त्याला या लग्नाशी काडीचंही देणंघेणं नसतं. तो आपला खाजवतोय. बऱ्याचदा मला चित्र त्या कुत्र्यावर तोललेलं वाटतं. तो झाकून बघा, उरते ती नुसती गर्दी.

हे कळल्यावर मी दशावताराचं एक चित्र काढलं. आमच्याकडे जत्रांच्या मोसमात देवळात रात्रभर दशावतार चालतो. लिहिलेली संहिता नसते, कथानक ठरवतात आणि संवाद रंगमंचावरच फुलवतात. बायकांची कामं पुरुष करतात. मुखवटा लावलेला संकासूर मालवणीत बोलून लोकांना हसवतो हे खरं, पण मला जास्त मजा पडद्यामागे वाटते. माझ्या चित्रात मुकुट घातलेला राजा कपातला चहा बशीत ओततोय, आणि साडी-दागिन्यांतली राणी मोबाइलवर घरी सांगतेय, “गायीक पेंड घातलंत काय?” त्यांच्यामध्ये पेटीवाला झोपलाय. हा पेटीवाला म्हणजे मारिओंचा कुत्रा. (पेटीवाल्यांची माफी मागून.) हे चित्र दिवाळी अंकात छापून आलं, पण छापताना कुणाची तरी गफलत झाली आणि खाली दुसऱ्याच चित्राची ओळ लागली: ‘डॉक्टर, हे असं रोज रात्री होतं.’ मी आठवडाभर धुमसत होतो. मग तीन जणांनी वेगवेगळं येऊन सांगितलं की या वेळचं तुमचं चित्र सगळ्यात भारी. त्यांचं बरोबर आहे, हे मान्य करायला मला वर्ष लागलं.

दिवाळी अंकांचा विषय निघालाच आहे तर ‘आवाज’च्या खिडक्यांबद्दल. वर एक चित्र, त्याला कापलेली खिडकी, वाटतं आत काहीतरी चावट असणार, आणि उघडून बघावं तर भलतंच निरागस. लहानपणी वाचनालयातला अंक माझ्या हाती यायचा तेव्हा खिडक्या कुणीतरी आधीच फाडून नेलेल्या असायच्या, म्हणून मला कित्येक वर्षं फक्त आतलीच चित्रं माहीत होती. वरच्या चित्राने कुठे चकवलं ते मनानेच रचायचो. तीच माझी शाळा.

परदेशातलं एकच सांगतो, कारण ते हार्डवेअरवाल्याला लागू पडतं. अमेरिकेचे गॅरी लार्सन. त्यांच्या गायी दोन पायांवर उभ्या राहून इतक्या गंभीरपणे जगतात की बस. १९८२ साली त्यांनी एक चित्र काढलं: गाय टेबलामागे उभी, पुढ्यात चार ओबडधोबड वस्तू, खाली ओळ ‘गाईची अवजारं’. कुणालाच कळलं नाही. पत्रांचा पाऊस पडला आणि शेवटी त्यांना खुलासा छापावा लागला. गाईने अवजारं केली तर ती अशीच बेढब होणार, एवढीच गंमत होती. चूक कुठे झाली तेही त्यांनीच नंतर सांगितलं. त्यातली एक वस्तू थोडीशी करवतीसारखी दिसत होती, त्यामुळे लोक बाकीच्या तीन ओळखत बसले. चित्रात अर्धवट ओळखू येणारी वस्तू ठेवू नका. एक तर पूर्ण करवत काढा, नाहीतर अजिबात नको. मी मोबाइलच्या टॉवरखाली नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणारे, म्हणजे देवाला घालतात तसं साकडं घालणारे गावकरी काढले होते, त्यात सगळ्यांनी म्हणायच्या ‘होय महाराजा’सकट. इकडे लोक लोटपोट. पुण्याच्या भाच्याने विचारलं, हे लोक टॉवर विकत घेतायत का?

राजकीय व्यंगचित्रं मी काढत नाही. दुकानात सगळ्या पक्षांची उधारी आहे. पण बाळासाहेब ठाकऱ्यांचे ‘मार्मिक’मधले ब्रशचे फटकारे मी हात सुधारण्यासाठी अभ्यासले आहेत. एका ओळीत जबडा, गळा आणि कॉलर.

साहित्याचं तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगतो, कारण तुम्हीही किनाऱ्यावरचे आहात. जून ते ऑगस्ट शाईच्या भानगडीत पडू नका. कागद दमट होतो, रेघ फुटते आणि फडणीस काढायला जावं तर ढग होतो. मी कोरे कागद रंगाच्या रिकाम्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवतो आणि पावसाळाभर साधं बॉलपेन वापरतो.

तर तुमच्या न हसवणाऱ्या चित्रांपैकी एक काढा आणि त्यातल्या सगळ्यांची तोंडं मिटून बघा. भुवया खाली. उद्गारचिन्हं पुसा. कडेला कुणीतरी असा ठेवा ज्याला यातलं काहीच विशेष वाटत नाही. तेवढ्याने होईलच असं नाही, माझी अजूनही दहातली सात फुकट जातात.

ते गळक्या घराचं चित्र मी नव्याने काढलं. सून छत्री धरून भाकरी उलटतेय, चेहरा रोजचा. आजोबा पेपरात बुडालेले. पोरगा भरलेली कळशी उचलून रिकामा टोप सरकवतोय, नजर दुसरीकडेच. मांजर ठिबकणाऱ्या दोन धारांच्या मधोमध कोरड्या जागी झोपलंय. काका पुढच्या खेपेला आले तेव्हा मुद्दाम काउंटरवर ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद उजेडाकडे धरला. हसले नाहीत. बराच वेळ छपराकडे बघत राहिले, मग बोट ठेवून म्हणाले, “ह्यो दुसरो वासो कुजलो हा. बदलूक व्हयो.”

आणि एक किलो खिळे घेऊन गेले.