अमेरिकेत बायोडिझेलच्या डी-४ क्रेडिटचा भाव वर्षभरात इतका का पडला?

तुम्ही विचारलंय की २०२३ च्या सुरुवातीला दीड डॉलरच्या वर असलेलं डी-४ आरआयएन वर्षभरात पन्नास सेंटच्या आसपास कसं आलं, आणि असं क्रेडिट भारतात आणावं का. आरआयएन म्हणजे जैवइंधनाच्या गॅलनमागे मिळणारं क्रेडिट. रिफायनऱ्यांना आणि आयातदारांना ते सरकारी कोट्यापुरतं जमवावंच लागतं; डी-४ हा त्यातला बायोडिझेल आणि रिन्यूएबल डिझेलचा प्रकार. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, जून २०२३ मध्ये या इंधनांचा तीन वर्षांचा कोटा ठरवला: २८२, ३०४ आणि ३३५ कोटी गॅलन. तोवर रिन्यूएबल डिझेलचे (तेला-चरबीपासूनच बनणारं, पण थेट साध्या डिझेलसारखं इंधन) अजस्र प्लांट उभे राहिले होते, काही तर जुन्या रिफायनऱ्याच बदलून केलेले. कोट्याला पुरून उरेल इतका माल आला आणि क्रेडिट आपटलं. शिवाय रिन्यूएबल डिझेलवाल्यांना गॅलनमागे १.७ क्रेडिट, आम्हाला बायोडिझेलवाल्यांना दीड.

'आम्हाला' म्हणतोय, कारण आयोवातल्या एका छोट्या प्लांटवर मी आरआयएनची नोंद आणि विक्री बघायचो. भावाचं गणित तिथला बॉयलरवालाही तोंडी करायचा. एका गॅलनला साधारण साडेसात पौंड सोयाबीन तेल लागतं. समजा बायोडिझेल पडलं ५ डॉलरला आणि डिझेल विकतंय पावणेतीनला. तूट सव्वादोन. त्यातून वॉशिंग्टनची १ डॉलरची करसवलत वजा, उरला सव्वा डॉलर. तो क्रेडिटने भरून निघायला हवा, आणि गॅलनला क्रेडिट दीड, म्हणून भागिले दीड. एका क्रेडिटचा भाव ८३ सेंट. सोयाबीन तेल आणि डिझेल यांच्यातलं अंतर, बाजारात ज्याला 'बोहो' म्हणतात, ते हललं की क्रेडिट हलणारच.

पण त्या १ डॉलरबद्दल कोणी धड लिहीत नाही. ही सवलत वरचेवर संपायची आणि नंतर मागच्या तारखेपासून परत यायची. २०१७ च्या शेवटी संपली तेव्हा सगळे म्हणाले, येईल. आमच्या मालकांनी गिऱ्हाइकाशी करारच तसा केला: सवलत परत आली तर निम्मी-निम्मी. 'येईल' हे बाजारानेही धरलं होतं, त्यामुळे तूट पूर्ण भरेल इतकं क्रेडिट कधी चढलंच नाही. २०१८ गेलं, २०१९ आलं. आमची रात्रपाळी बंद झाली. मिथेनॉलच्या टाकीपाशी उभं राहून नुसत्या आवाजावरून पंपाचा बिघाड सांगणारा आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर डुकरांच्या कत्तलखान्यात कामाला लागला.

त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगला ह्यूस्टनला साडूंकडे गेलो होतो. ते रिफायनरीत आहेत. भर पंगतीत म्हणाले, "तुमचा धंदा म्हणजे सरकारी खिरापत, आणि तिचे पैसे भरतो आम्ही." बायकोने डोळे वटारले म्हणून मी गप्प बसलो.

महिन्याभरात, डिसेंबर २०१९ मध्ये, सवलत आली. २०१८ आणि २०१९ दोन्ही वर्षांची. पैसे आले, निम्मे त्या गिऱ्हाइकाला गेले, ज्याने माल घेण्यापलीकडे काही केलं नव्हतं. जळून गेलेल्या गॅलनांवर मिळालेल्या त्या पैशातून एक थेंब जास्त बनला नाही आणि ऑपरेटरही परत आला नाही. कोणी याला 'प्रोत्साहन' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तुम्ही प्रोजेक्ट करताय, तर त्यात हे ठळक लिहा: आरआयएनचा खर्च रिफायनरी खिशातून भरत नाही. बंधन प्रत्येक रिफायनरीवर आणि आयातदारावर गॅलनमागे सारखंच आहे, म्हणून तो खर्च पेट्रोल-डिझेलच्या घाऊक भावात आधीच चढलेला असतो. ईपीएनेही हेच म्हटलंय आणि अर्थतज्ज्ञांनीही. साडू लगेच फिलाडेल्फियाचं उदाहरण देतात: तिथल्या रिफायनरीने जानेवारी २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर करताना आरआयएनकडे बोट दाखवलं होतं. पण डिसेंबर २०१५ मध्ये कच्च्या तेलाची निर्यातबंदी उठली आणि नॉर्थ डकोटातून रेल्वेने येणाऱ्या स्वस्त तेलाचा तिचा फायदा आटला, हे ते कधी सांगत नाहीत. खिरापत म्हणायचीच तर छोट्या रिफायनऱ्यांना या बंधनातून मिळालेल्या माफीला म्हणा. भाव चढलेला मिळतो आणि क्रेडिट मात्र विकत घ्यावं लागत नाही.

हां, रिफायनऱ्यांची एक तक्रार खरी आहे. २०११ मध्ये उघड झालं की मेरीलँडच्या एका पठ्ठ्याने बायोडिझेल न बनवताच साडेतीन कोटी आरआयएन विकले होते. त्यांच्या जागी खरी क्रेडिट परत विकत घ्यायची पाळी घेणाऱ्यांवर आली.

भारताचं म्हणाल तर इथेनॉलचा दर सरकारच ठरवतं, त्यामुळे क्रेडिटच्या बाजाराला जागाच नाही. धोका मात्र तोच, सरकारच्या मर्जीचा. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने मनाई झाली तेव्हा साखर कारखान्यांनी तो चाखलाच.

आणि वरचं गणित २०२४ पर्यंतच चालवा. २०२५ पासून तो डॉलर गेला, त्याच्या जागी उत्पादकाला कार्बनच्या हिशोबाने सवलत मिळते. कमी कार्बनच्या इंधनाला कॅलिफोर्निया राज्यात मिळणारं वेगळं क्रेडिट मी धरलेलं नाही, मोठ्या प्लांटचा हिशोब त्याच्याशिवाय लागणार नाही.