मेल सर्व्हर घरचा करावा का?

प्रश्न: कोल्हापुरात आमचा सुट्या भागांच्या कास्टिंगचा कारखाना आहे. १२ मेलबॉक्सचे दरमहा प्रत्येकी २०० रुपये भरतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा म्हणतो, ८०० रुपयांच्या भाड्याच्या सर्व्हरवर सगळं स्वतः चालवू. करावं का?

उत्तर: आधी आकडे बघू. आज तुमचे वर्षाला २८,८०० रुपये जातात. सर्व्हरचे ९,६०० होतील, आणि बॅकअपसाठी वेगळी जागा घ्यावीच लागेल, तिचे महिना ३०० धरले तर ३,६०० आणखी. मेल पाठवणारं-घेणारं पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स सांभाळणारं डव्हकॉट ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळत असेल, म्हणून तो दोन्हीकडून सोडला. बचत १५,६०० रुपये, म्हणजे महिन्याला १,३००.

या १,३०० रुपयांत काय काय करायचं ते पाहा. अपडेट, बॅकअप परत उतरवून तपासणं, स्पॅम गाळणं, लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या नोंदी बघणं. महिन्याला चार तास धरले तरी तासाला सव्वातीनशे रुपये पडतात. मुलगा घरचा आहे म्हणून त्याचा वेळ फुकट धरू नका.

सर्व्हर रात्रभर बंद पडला तर येणाऱ्या मेलची फारशी काळजी नको, पाठवणारे सर्व्हर साधारणपणे काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. खरी जोखीम तुमच्याकडून जाणाऱ्या मेलची आहे. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या अनेक क्लाउड कंपन्या पोर्ट २५, म्हणजे एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल जाण्याची वाट, मुळातच बंद ठेवतात. स्वस्त सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) आधीच्या भाडेकरूने स्पॅमसाठी वापरून काळ्या यादीत घातलेला असू शकतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने एसपीएफ, डीकेआयएम, रिव्हर्स डीएनएस या, मेल खरंच तुमच्याकडूनच आली का हे तपासायच्या नोंदींबाबत नियम कडक केले. हे सगळं नीट बसवूनही नव्या आयपी पत्त्यावरून गेलेली मेल गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडू शकते, आणि तुम्हाला ते कळतही नाही. गिऱ्हाईक फक्त म्हणतं, कोटेशन आलंच नाही. तशी एक ऑर्डर हुकली की कित्येक वर्षांची बचत गेली.

आणि मुलगा पुढच्या वर्षी पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला गेला तर? सोमवारी सकाळी मेल अडकली की फोन कोणाला करणार? माझं मत तयार झालं ते याच प्रश्नावर. कारखान्याची मेल सध्या हलवू नका.

पैसे मात्र नक्की वाचवा. बारा मेलबॉक्सपैकी सेल्स, अकाउंट्स, इन्फो, क्वालिटी असे पत्ते किती आहेत ते मोजा. ते वेगळे मेलबॉक्स कशाला हवेत? एखाद्या माणसाच्या मेलबॉक्सला जोडलेले एलियस, म्हणजे त्याच मेलबॉक्सचे जास्तीचे पत्ते केले की बहुतेक कंपन्या त्याचे पैसे घेत नाहीत. असे पाच निघाले तर वर्षाला १२,००० वाचले, बिनकष्टाचे. बंद करण्याआधी त्यांतली जुनी मेल उतरवून ठेवा. बिलं आणि पत्रव्यवहार जीएसटीच्या चौकशीत लागतात.

मुलाची हौस मोडू नका. एक वेगळं डोमेन (मेल पत्त्यात @ नंतर येणारं नाव) घेऊन द्या, महिना ८०० त्याच्या शिक्षणावरचा खर्च म्हणून लिहा. वर्षभर त्याने तिथून जीमेल आणि आउटलुकला मेल पोचवून दाखवली आणि दुसरा माणूसही तयार केला, तर आपण पुन्हा बसू.

याच आठवड्यात एक काम करा. कारखान्याच्या डोमेनची नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते बघा. वेबसाइट करणाऱ्याच्या नावावर असेल तर आधी स्वतःच्या नावावर करून घ्या; डोमेन हातात असलं की मेल सेवा कधीही बदलता येते.