मेडल नाही, मग खेळायचं कशाला?

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे, रोज संध्याकाळी खो-खो खेळायला ग्राउंडवर जाते. शाळेच्या टीममध्ये काही तिचं सिलेक्शन होत नाही. घरचे म्हणतात मेडल नाही काही नाही, मग क्लासचा वेळ कशाला घालवायचा? बंद करू का?

उत्तर: नका हो ताई, अजिबात बंद करू नका! मेडल मिळणार असेल तरच खेळायचं हे कुणी ठरवलं? एकदा ग्राउंडवर जाऊन नीट बघा, आठ जणी ओळीत बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, आणि नववी पळतेय. तिला मधली पाटी, म्हणजे या मुली बसलेल्या असतात तो पट्टा, ओलांडता येत नाही, एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, मग समोरचीला आऊट करायचं तर योग्य क्षणी मैत्रिणीला खो द्यायचा, म्हणजे आपण बसायचं आणि तिला पळू द्यायचं. आणि बसलेलीनं खो मिळायच्या आधी उठायचं नाही, उठली की फाऊल. दुसऱ्यावर भरवसा टाकणं, धीर धरणं, आऊट झाल्यावर रडत न बसता पुढच्या डावाला उभं राहणं, हे या वयात क्लासमध्ये कुठे शिकवतात सांगा.

तब्येतीचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी असं सांगते, तिचं ते खेळता खेळता होतंय. परीक्षा जवळ आली की वेळ थोडा कमी करा, तोही तिच्याशी बोलून, आणि घरच्यांना एक दिवस ग्राउंडवर घेऊन जाच.