निवृत्तीचे पैसे मुलीच्या शाळेत घालावेत का?

तुमची मुलगी नऊ वर्षांची. तिला आत्ताच आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) शाळेत घालायचं, फी तिप्पट होणार, आणि ती भरण्यासाठी निवृत्तीची दरमहाची गुंतवणूक थांबवायची, असं तुम्ही विचारलंय. कारण एकच दिलंय: पुढे ती परदेशी विद्यापीठात शिकेल, मग पाया आत्तापासूनच तसा हवा.

माझं मत सांगतो. शाळा आत्ता बदलू नका, आणि गुंतवणूक तर मुळीच थांबवू नका.

शाळांची माहितीपत्रकं वाचली की आयबी म्हणजे पहिल्या पायरीपासूनच चढायचा जिना वाटतो. विद्यापीठं मात्र बघतात ते शेवटच्या दोन वर्षांचा डिप्लोमा. सहा विषय, प्रत्येकी ७ गुण, शिवाय दीर्घ निबंध आणि ‘थिअरी ऑफ नॉलेज’ (आपल्याला जे कळतं ते कसं कळतं, याचा विषय) मिळून ३, असे एकूण ४५. त्याला प्रवेश घेताना आधीचे टप्पे आयबीतच केलेले असले पाहिजेत, अशी आयबीची अट नाही. डिप्लोमा आला १९६८ मध्ये, मधला टप्पा (एमवायपी) १९९४ मध्ये आणि प्राथमिक टप्पा (पीवायपी) १९९७ मध्ये. म्हणजे पहिली पाव शतकभर डिप्लोमाची मुलं या दोन टप्प्यांशिवायच आली आणि जगभरच्या विद्यापीठांत गेली.

आता आकडे. आजच्या शाळेची वार्षिक फी एक वाटा धरा, नव्या शाळेची तीन. दोन्हीकडे दरवर्षी १० टक्के वाढ धरू. या हिशेबात सात वर्षांत फी जवळजवळ दुप्पट होते, हे बहुतेक पालकांच्या लक्षातच येत नाही. मुलगी सोळाची होईपर्यंतच्या सात वर्षांत तुम्ही फरकापोटी साधारण १९ वाटे जास्त भराल. त्यानंतरच्या डिप्लोमाच्या दोन वर्षांची मिळून फी होते सव्वाबारा वाटे. फरकाची निम्मीच रक्कम तिच्या नावाने बाजूला टाकलीत, तरी व्याज न धरता साडेनऊ वाटे जमतात. कमी पडणारे पावणेतीन वाटे त्या दोन वर्षांत एरवीही शाळेला भरली असती त्या फीतून निघतात. उरलेली निम्मी तुमच्या निवृत्तीकडे जाऊ द्या. शिक्षणासाठी कर्ज मिळतं, म्हातारपणासाठी कोणी देत नाही.

याला दुसरी बाजू आहे, ती लपवत नाही. सोळाव्या वर्षी एकदम डिप्लोमात शिरलेल्या मुलांना चार हजार शब्दांपर्यंतचा निबंध स्वतः विषय शोधून लिहायचा असतो, आणि पाठांतरावर वाढलेलं मूल तिथे भांबावतं. म्हणून चौदाव्या वर्षी हा प्रश्न पुन्हा काढा. केंब्रिजचं आयजीसीएसई (आपल्या दहावीच्या पातळीचं) तेव्हापासून दोन वर्षांचं करता येतं आणि त्यानंतर ए लेव्हल (बारावीच्या पातळीचं) किंवा डिप्लोमा, दोन्ही वाटा खुल्या राहतात. ए लेव्हलची परीक्षा बाहेरून, खासगी उमेदवार म्हणूनही देता येते. डिप्लोमासाठी मात्र मान्यताप्राप्त शाळेतच असावं लागतं. नोकरी गेली, फी थकली, तर हा फरक फार महागात पडतो.

शाळेच्या कचेरीत जाल तेव्हा फक्त शिकवणीची फी विचारू नका. माझ्याकडे आलेल्या एका पालकाने फीचं पत्रक टेबलावर ठेवलं होतं. मोठ्या अक्षरांतल्या आकड्याखाली बारीक अक्षरांत प्रवेश शुल्क, अनामत, बस, लॅपटॉप, सहल आणि परीक्षा शुल्क. बेरीज केली तर मूळ आकड्याच्या चौथाई वर गेली. मागच्या पाच वर्षांची फी लेखी मागा. देत नसतील तर तेही उत्तरच आहे.

माझं मत एकाच गोष्टीने बदलेल. तुमच्या यजमानांची दर दोन-तीन वर्षांनी देश बदलणारी बदली खरोखर ठरली असेल, तर आयबीचा प्राथमिक टप्पाही पैसे वसूल करतो, कारण नव्या देशात मूल त्याच चौकटीत पुढे शिकतं. पण तसं असेल तर फी कंपनीने द्यायला हवी. बदलीच्या पत्रात शिक्षण भत्त्याचं कलम आहे का, किती मुलांसाठी, कितव्या वर्षापर्यंत, आणि मुदतीआधी परत बोलावलं तर काय, एवढं बघून मला कळवा. तोपर्यंत शाळेची अनामत भरू नका.