गायरानावरच्या चराईसाठी हवामान अंदाज कसा वापरावा?

४० मेंढ्या, १० शेळ्या गायरानावर चरतात. अंदाज मोबाईलवर येतो, पण त्यावरून ठरवायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

एप्रिलमधल्या मोसमी अंदाजावर कळपाचा हिशेब मांडू नका. ‘सरासरीच्या इतके टक्के’ हा आकडा अख्ख्या देशाचा असतो, तुमच्या माळाचा नव्हे. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतो. त्यातले पहिले दोनच धरून चाला. सोबत साधं पर्जन्यमापक लावा आणि रोज सकाळी साडेआठला आकडा वहीत टिपा.

खरी चूक पहिल्या पावसानंतर होते. माळ हिरवा दिसला की जनावरं सोडली जातात. पण तो कोंब मुळांतल्या साठ्यावर फुटलेला असतो. तेव्हाच खुडला गेला आणि पुढे उघडीप पडली, तर मारवेल, पवन्या ही चांगली गवतं मरतात नि निकस कुसळी गवत माजतं. म्हणून गवत वीतभर होऊ द्या, चार बोटं उरलं की कळप हलवा. गायरानावर हे एकट्याने जमत नाही, हे खरं. गावाशी बोलून निदान एक पट्टा तरी राखा. कोवळ्या हिरव्याने मेंढ्यांना आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होणारा रोगही होतो. त्याची लस मेमध्येच टोचून घ्या, पहिल्यांदाच टोचत असाल तर दोनएक आठवड्यांनी दुसरा डोसही. सुरुवातीचे काही दिवस रानात नेण्याआधी थोडा सुका चारा घाला.

अंदाजात दोन आठवडे कोरडे दिसले की चारा मोजा. ३० किलोच्या मेंढीला दिवसाला साधारण एक किलो सुका चारा लागतो. ५० जनावरं, २० दिवस, म्हणजे एक टन, नासाडी वेगळी. तेवढा नसेल तर नर कोकरं नि भाकड मेंढ्या लगेच विका. सगळे विकायला निघाले की बाजार पडतो. याच उघडिपीत सुकलेल्या ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांत विष वाढतं, जनावर तासाभरात दगावू शकतं. त्या रानाकडे कळप फिरकू देऊ नका.

हिवाळ्यातही अंदाज बघत राहा. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस नि गारठ्याने जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात शेकडो मेंढ्या दगावल्या. पावसाचा इशारा असेल तर लोकर कातरू नका. मेंढ्यांचा वाडा उंचवट्यावर, वारा अडेल अशा जागी हलवा आणि कोकरांवर आधी ताडपत्री टाका.